जंबालया नक्की कोणाचं? तुमची पत्रं, माझी उत्तरं

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी सहज लिहून गेलो की आपल्याकडे लग्नात बँडवाले जे 'जंबालया' वाजवतात ते मूळ हँक विल्यम्सचं, १९५२ सालचं अमेरिकन कंट्री गाणं आहे, आणि त्याची चाल मात्र तिथल्या लुइझियाना राज्यातल्या फ्रेंच बोलणाऱ्या केजन लोकांची आहे. बस, तीन-चार ओळी होत्या. मला वाटलं कोण वाचतंय. तर या महिन्यात आलेल्या पत्रांत अर्ध्याहून जास्त याच गाण्यावर, कोणी खूश, कोणी चिडलेलं, एकानं तर पाककृती मागितलीय. म्हणून यावेळचं सगळं सदर जंबालयालाच.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक पोरगा मित्राचा निरोप घेऊन पिरोगमधून, म्हणजे निमुळत्या होडीतून, काठीनं पाणी ढकलत निघालाय. बायूवर, म्हणजे संथ वाहणाऱ्या खाडीसारख्या पाण्याच्या काठी, त्याची इव्हॉन राहते. तिथं आज सगळे नातेवाईक जमणार, जंबालया नावाचा भात, क्रॉफिश पाय, फिले गंबो असं खाणंपिणं, गिटार वाजणार, रात्रभर धमाल. एवढंच गाणं. दुःख नाही, विरह नाही, कोणी मरत नाही. कंट्री गाण्यात हे तसं दुर्मिळच.

"अहो, आमच्या घरी गेली चाळीस वर्षं सगळे 'जांभूळ आया' म्हणतायत. वडील बोटीवर होते, त्यांनी कॅसेट आणली होती. मला खरंच वाटायचं जांभळाच्या सीझनचं गाणं आहे. आणि पुढं ते 'क्रॉफिश पाय' येतं तेव्हा आजी विचारायची, माश्याक पांय खंयच्यान आयले? आता कळलं की भाताचं नाव आहे. आजी नाही सांगायला." (साखळीहून)

आजीचा प्रश्न चुकीचा नव्हता हो. क्रॉफिश हा मासा नाहीच, त्याला खरंच पाय असतात आणि चांगले भरपूर असतात. शेवंडीचं गोड्या पाण्यातलं धाकटं भावंड समजा. गाण्यातला 'पाय' म्हणजे त्याचं सारण भरून भाजलेली कणकेची पाय, पण आजीचा अर्थ मला जास्त आवडला. लुइझियानात हे क्रॉफिश भाताच्या शेतातच वाढवतात, भाताचं पीक निघालं की त्याच शेतात पाणी भरून क्रॉफिश. आपल्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, पावसाळ्यात भात आणि नंतर मानशीजवळ, म्हणजे पाण्याच्या दाराशी, कोळंबी, तसंच. त्यामुळे आजीला तिथं नेऊन सोडली असती तर दोन दिवसांत रुळली असती.

"दादा, मी लग्नाच्या बँडमध्ये पंधरा वर्षं गिटार वाजवतोय. डान्स फ्लोअर थंड पडला की आमचा सिंगर माझ्याकडे बघतो आणि मला कळतं, जंबालया. अख्खं गाणं दोन कॉर्डवर, सी आणि जी सेव्हन, सी आणि जी सेव्हन, मला झोप येते. पण लोक खुर्च्यांवरून उठतात, अंकल लोक पण उठतात. दोन कॉर्डमध्ये असं काय आहे? आणि वाजवणाऱ्यानं जागं कसं राहायचं?" (मडगावहून)

तुझं पत्र वाचून हसलो रे, कारण मी पण कॉलेजात असताना दोन सीझन हेच केलंय, आणि आमचा बेसवाला तर एकदा खरंच पेंगला होता, कोणाला कळलं नाही, हीच त्या गाण्याची ताकद.

आता दोन कॉर्डचं. केजन लोकांच्या नाचाच्या चाली ज्या वाद्यावर वाढल्या ते म्हणजे दहा बटणांचं छोटं अकॉर्डियन. आपल्या पेटीसारखा त्याला भाता असतो, पण गंमत अशी की एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. डाव्या हाताला बेसची फक्त दोन बटणं. दाबलं की घरचा कॉर्ड, ओढलं की पाचवा, म्हणजे तुझा सी आणि तुझा जी. तिसरा कॉर्ड हवा असेल तर वाजवणाऱ्यानं उजव्या हातानं काय ती कसरत करायची. म्हणून तिथल्या कितीतरी नाचाच्या चाली अशा आत-बाहेर, आत-बाहेर श्वास घेतल्यासारख्या चालतात. हँकच्या रेकॉर्डवर अकॉर्डियन नाही, फिडल आणि स्टील गिटार आहे, पण चाल त्याच मातीतली. नाचणाऱ्याला पुढं काय येणार ते पायाला आधीच माहीत असतं. विचार करावा लागत नाही, आणि लग्नात दोन पेग झाल्यावर विचार कोणाला करायचाय.

जागं राहायचं असेल तर एक काम कर, स्पीड कमी कर. आपले बँड हे गाणं जाइव्ह करून पळवतात. हँकचं मूळ ऐक, अजिबात घाई नाही, होडी ढकलणारा माणूस घाई करतच नाही, त्याला माहितीय पाणी कुठं पळत नाही. सासष्टीतल्या एका लग्नात मी बघितलं, बँड सुसाट सुटलाय, पोरं उड्या मारतायत आणि एक म्हातारं जोडपं कोपऱ्यात बरोबर निम्म्या लयीत, एका ठेक्याआड एक पाऊल टाकत, नाचतंय. त्यांचा पदर हलत नव्हता की घाम येत नव्हता. त्या दोघांकडे बघून वाजव, झोप येणार नाही.

"आपण 'केजन मुळं' असं गोड शब्दात लिहिलंत. सरळ चोरी म्हणा ना. अलाबामाचा माणूस दुसऱ्यांची चाल उचलतो, त्यांच्या बोलीतले चार शब्द मसाल्यासारखे टाकतो आणि गाण्यावर फक्त स्वतःचं नाव घालतो. आणि आपण ते लग्नात वाजवून नाचतो. मी तुमचा लेख वाचून मूळ गाणं शोधून ऐकलं आणि तेव्हापासून हँकचं ऐकवत नाही." (फोंड्याहून, एक निवृत्त शिक्षक)

सर, तुमचं पत्र तीन पानी होतं, इथं थोडंच छापलंय, रागावू नका. तुमचा मुद्दा मला पटतो पण पूर्ण नाही पटत, आता जरा सविस्तरच लिहितो.

आधी मूळ गाण्याबद्दल, म्हणजे बाकीच्यांना कळेल सर कशामुळे चिडलेत. 'ग्रां टेक्सस', म्हणजे मोठं टेक्सस. १९४० च्या दशकात चक गिलरीच्या बँडनं रेकॉर्ड केलं, गायला पापा कैरो नावानं ओळखला जाणारा गायक. भाषा केजन फ्रेंच. चाल तीच, अगदी तीच, जंबालया माहीत असलेला कोणीही दुसऱ्या ओळीला गुणगुणायला लागेल. पण शब्द? तू मला सोडून गेलीस, दुसऱ्याबरोबर, त्या मोठ्या टेक्ससला. म्हणजे ज्या चालीवर आपण नाचतो ती मुळात सोडून गेलेल्या बाईची चाल आहे. लुइझियानातून माणसं तेलाच्या विहिरींवर कामाला टेक्ससला जायची, ते राज्य शेजारीच, त्यामुळे 'टेक्ससला गेली' याला तिथं वजन होतं. आपल्याकडे 'मुंबैक गेलो', 'बोटीर गेलो' म्हटल्यावर मागं राहिलेल्यांच्या तोंडावर जे येतं ना, तेच.

हँकनं ती चाल घेतली आणि १३ जून १९५२ ला नॅशव्हिलमध्ये जंबालया रेकॉर्ड केलं. कंट्रीच्या यादीत १४ आठवडे पहिल्या नंबरवर. गाण्यावर नाव एकट्या हँकचं. मून मलिकन नावाचा पियानोवाला होता, त्याचाही हात शब्दांत असल्याचं बरेच जण धरून चालतात, त्यानं त्याच वर्षी स्वतःची रेकॉर्ड काढली, तिच्यात शब्द थोडे वेगळे आहेत. पण गाण्यावर नाव त्याचंही नाही. आणि 'ग्रां टेक्सस' वाल्यांचं तर कुठंच नाही. इथवर सर तुमचं शंभर टक्के बरोबर.

हँक केजन नव्हता हेही बरोबर. अलाबामात १९२३ साली जन्म. लुइझियानाशी संबंध होता, पण श्रीव्हपोर्ट शहराशी, तिथल्या रेडिओ शोमुळे तो मोठा झाला, आणि श्रीव्हपोर्ट उत्तरेला, केजन मुलूख दक्षिणेला पाण्याकाठी. पेडण्याच्या माणसानं काणकोणच्या बोलीत गाणं लिहावं तसं, फक्त अंतर कितीतरी मोठं. म्हणून तर गाण्यातलं फ्रेंच ऐका, 'मा शेर अमियो'. फ्रेंचमध्ये 'मा शेर अमी' म्हणतात, प्रिय मैत्रीण. तो शेवटचा 'ओ' हँकनं यमकासाठी लावलाय. असली भाषा ऐकून खरा केजन माणूस हसतो की चिडतो, हे त्या त्या माणसावर आहे.

आता मला न पटलेला भाग. तुम्ही म्हणता शब्द मसाल्यासारखे टाकले. पण सर, साल बघा. केजन म्हणजे मूळचे अकेडियन, आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाकडचे फ्रेंच बोलणारे शेतकरी. इंग्रजांनी १७५५ पासून त्यांना घरादारातून उचलून बोटींत भरून हाकललं, कुटुंबं फुटली, आणि पुढं त्यातले बरेच लुइझियानाच्या दलदलीत येऊन वसले. 'अकादियां'चं घासून घासून 'केजन' झालं. तिथं त्यांची भाषा दीडशे वर्षं टिकली आणि मग १९२१ साली लुइझियानाच्या राज्यघटनेनं ठरवलं, शाळेत फक्त इंग्रजी. पोरांकडून फळ्यावर, वहीत लिहून घ्यायचे, मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही, शंभर वेळा, दोनशे वेळा. हे तुम्हाला मी काय सांगावं, तुम्ही शिक्षक, तुम्हाला १६८४ चं विजरईचं फर्मान पाठ असेल, तीन वर्षांत कोंकणी सोडा आणि पोर्तुगीज बोला म्हणणारं. तर जी पोरं १९३०-४० मध्ये वर्गात मार खात होती तीच १९५२ मध्ये वयात आलेली, आणि अचानक अख्ख्या अमेरिकेच्या रेडिओवर एक स्टार गातोय टिबोडो, फाँटनो, पिरोग, बायू, गंबो. त्यांची आडनावं, त्यांची होडी, त्यांचं जेवण. ज्याची शाळेत लाज वाटायला शिकवलं तेच. चुकीच्या फ्रेंचमध्ये का असेना.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, चालीचं श्रेय खाल्लं हे खाल्लंच, त्याला दुसरा शब्द नाही, पण म्हणून त्या गाण्यानं त्या लोकांना काहीच दिलं नाही असं मी म्हणणार नाही. आज केजन बँडच जंबालया वाजवतात, कोणी फ्रेंच शब्द घालून. चाल परत घरी आणलीय त्यांनी, विचारायला कोणाकडे गेले नाहीत.

हँकबद्दल अजून एक, तुम्ही त्याला श्रीमंत चोरासारखं रंगवलंय. गाणं नुकतंच बाजारात आलेलं असताना, ऑगस्टमध्ये, दारूपायी त्याला नॅशव्हिलच्या सगळ्यात मोठ्या रेडिओ शोमधून काढून टाकलं. १ जानेवारी १९५३ ला गाडीच्या मागच्या सीटवर, कार्यक्रमाला जाताना वाटेतच गेला. वय २९. हा काही बचाव नाही, पण माहीत असावं.

"माझी मावशी दिवाडीला राहते, वय ८४. तुमचं ते वाचून मी तिला मोबाईलवर 'ग्रां टेक्सस' लावून दिलं. तिला फ्रेंचचा एक शब्द कळत नाही. ऐकून म्हणाली, हें रडपाचें आसा. मग जंबालया लावलं तर म्हणाली, हें तेंच, पूण हाका जेवण दिलां. मला हे कोणाला तरी सांगायचं होतं. प्रश्न असा काही नाही." (पणजीहून)

प्रश्न नाही तरी छापतोय. 'हाका जेवण दिलां', याच्यापुढं माझे दोन महिने लिहिलेले सगळे परिच्छेद पाण्यात.

मावशीला एक विचारा, 'हांव सायबा पलतडी वयता' बद्दल. ती नक्की गाईल, दिवाडीची बाई आणि होडीचं गाणं. त्यातली नाचणारी बाई नदीकाठी होडीवाल्याला विनवतेय, पलीकडे दामूच्या लग्नाला जायचंय, वाट दाखव, आणि अंगावरचा एकेक दागिना काढून देते, हे घे, हे घे. तो घेत नाही. आणि १९७३ मध्ये 'बॉबी' सिनेमात तीच चाल आली आणि देशभर लग्नात वाजायला लागली, ज्यांना पलतड म्हणजे काय हे माहीत नाही तेही 'घे घे घे रे सायबा' म्हणून नाचतायत. मी एकदा पुण्यात एका लग्नात हे ऐकलं, शेजारची बाई मला म्हणाली किती छान कोळीगीत आहे ना. मी काही बोललो नाही. जिलबी खाल्ली.

फोंड्याच्या सरांनी हे पण वाचावं. होडी, पलीकडचं लग्न, छोट्या भाषेतली चाल आणि मोठ्या भाषेतलं हिट. आणि तरी त्या गाण्याला आपण अजून देखणी, म्हणजे आपलं कोंकणी नाचाचं गाणं, म्हणूनच ओळखतो, बॉबीमुळे ती आपली राहिली नाही असं झालं नाही.

"सर मी अकरावीत आहे, आमच्या गॅदरिंगला हे गाणं बसवलंय पण मॅडम म्हणतात त्यात 'सन ऑफ अ गन' आहे ते काढा, शिवी आहे. शिवी आहे का?" (डिचोलीहून)

नाही. 'च्यायला, काय मजा येणार' मधलं च्यायला, त्याच्याहूनही सौम्य. मॅडमना सांग की ११ वर्षांच्या मुलीनं हे गाणं रेकॉर्ड केलंय (खाली बघ) आणि कोणी काही बोललं नाही. तरीही नाही म्हणाल्या तर मॅडमचं ऐक, मार्क त्यांच्या हातात आहेत.

"गाण्यात इतकं खाणं आहे तर जंबालया घरी कसं करायचं ते पण सांगा. पुलावच ना शेवटी? आणि चोरिस घालून चालेल का? फिले म्हणजे काय?" (म्हापशाहून, एक गृहिणी)

ताई, पुलाव आणि खिचडीच्या मधलं काहीतरी. मी केलंय, म्हणून अधिकारानं सांगतो, आणि पहिल्यांदा बिघडवलंय, म्हणून जास्त अधिकारानं.

केजन पद्धत अशी. जाड बुडाचं भांडं, त्यात आधी मांस आणि सॉसेजचे तुकडे चांगले लालसर होईपर्यंत परतायचे, बुडाला जे तपकिरी चिकटतं ते सोन्यासारखं जपायचं, तोच रंग आणि तीच चव. मग कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी. या तिघांना ते लोक 'होली ट्रिनिटी' म्हणतात, कॅथलिक लोक, दुसरं काय म्हणणार. ते मऊ झालं की पाणी किंवा सूप, मग तांदूळ, झाकण, आणि हात लावायचा नाही. टोमॅटो घातला की ते न्यू ऑर्लिन्सकडचं क्रिओल लाल जंबालया, केजन लोक खेड्यात करतात ते तपकिरी, बिनटोमॅटोचं. यावरून तिकडे घराघरात भांडणं, आपल्याकडे माशाच्या हुमणात चिंच की भिंडां, म्हणजे कोकमं, यावरून होतात तशी.

सेलरी मला शुक्रवारच्या बाजारात काही मिळाली नाही, भाजीवालीनं ओव्याची पानं पुढं केली आणि मी घेतली. नका घेऊ. अख्खं भांडं पोटदुखीच्या काढ्यासारखं वासायला लागलं, बायको म्हणाली आता यात थोडा गूळ घाल आणि बाळंतिणीला दे.

चोरिस चालतं, पण चव बदलते हे समजून घाला. त्यांचं अंडुई सॉसेज धुरावर धरलेलं, आंबट नसतं. आपल्या चोरिसात व्हिनेगर आणि लाल मिरची, त्यामुळे भात लाल आणि आंबटसर होतो. मुलांनी ताट चाटून पुसलं, पण ते जंबालया नव्हतं, तो आपला चोरिस-पुलावच होता, लांबून फिरून परत घरी आलेला.

गंबो वेगळं, ते रश्शासारखं, भातावर वाढतात. नाव मुळात भेंडीचं, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या बंटू भाषांतून आलेलं. दाटपणा भेंडीनं आणायचा, नाहीतर फिलेनं. फिले म्हणजे ससाफ्रास नावाच्या झाडाची पानं वाळवून केलेली पूड, ही मूळ तिथल्या चॉक्टो आदिवासींची. ती गॅस बंद केल्यावर घालायची, उकळत्यात टाकली तर तार सुटते, भेंडी पाण्यात सोडल्यासारखी. बायू हा शब्दही चॉक्टो भाषेतलाच. म्हणजे गाण्याच्या दोन ओळींत फ्रेंच, आफ्रिकन, चॉक्टो सगळे एका भांड्यात बसलेत, आणि वरून इंग्रजी झाकण.

"कोणाचं व्हर्जन ऐकावं? भरपूर आहेत." (वास्कोहून)

आधी 'ग्रां टेक्सस'. मग हँक. या दोघांच्यामध्ये दुसरं काही ऐकू नका.

त्यानंतर ज्याची त्याची आवड. १९५२ मध्येच जो स्टॅफर्ड या गायिकेनं केलं, ते पॉपच्या यादीत तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं, स्वच्छ इस्त्री केलेलं. फॅट्स डॉमिनो न्यू ऑर्लिन्सचाच, त्याच्या पियानोत भात शिजतो. १९७३ मध्ये कार्पेंटर्सनी केलं, आपल्याकडे बऱ्याच जणांना तेच माहितीय, कॅरनचा आवाज इतका गोड की होडीत गादी टाकल्यासारखं वाटतं, मला नाही झेपत पण माझ्या बहिणीला तेच लागतं. त्याच सुमाराला जॉन फोगर्टीनं सगळी वाद्यं स्वतः वाजवून केलं.

आणि ब्रेंडा ली. १९५६, वय ११, आणि कंपनीनं रेकॉर्डवर छापलं ९ वर्षांची, म्हणजे अजून आश्चर्य वाटावं. आवाज ऐकून मात्र वाटतं की चाळीस वर्षांची, दोन लग्नं झालेली बाई गातेय. ज्या मुलीला इव्हॉनशी, पिरोगशी काही घेणंदेणं नाही ती एकेका शब्दावर अशी घसरते, थांबते, गुरगुरते की पोट धरून हसावं की घाबरावं कळत नाही. डिचोलीच्या पोरा, हे मॅडमना ऐकव.

"माझी लेक अमेरिकेत आहे, ती आणि जावई लुइझियानाला फिरायला गेले तिथं 'फे दो दो' ला गेले म्हणे, केजन नाच असतो. तुम्ही लिहिलंत त्यावरून मी तिला विचारलं जंबालया वाजवलं का, ती म्हणाली हो आई, आणि सगळे म्हातारे नाचत होते. पण फे दो दो म्हणजे काय, हे तिला सांगता येईना. तुम्हाला माहीत आहे का?" (पेडण्याहून)

हो ताई, आणि हे वाचून तुम्हाला आवडणार बघा. 'फे दो दो' म्हणजे फ्रेंचमध्ये लहान बाळाला म्हणतात ते, 'गाई कर', 'झोप हं'. पूर्वी नाचाला जायचं तर पोरांना कुठं ठेवणार, म्हणून अख्खं घर नाचघरात. शेजारच्या खोलीत अंथरुणं घालून पोरांना निजवायचं, एखादी आजी राखणीला, आया त्यांना थोपटून म्हणायच्या झोप हं, झोप, म्हणजे स्वतःला लवकर नाचायला जायला मिळेल. त्यावरून नाचाच्या रात्रीचंच नाव पडलं.

तुमच्या पेडण्याकडे दशावताराला काय व्हायचं? माझी आई जत्रेच्या नाटकाला निघताना पिशवीत आधी गोधडी भरायची, मग खाऊ. देवळाच्या आवारात पुढच्या बाजूला आम्ही दहा-बारा पोरं ओळीनं, डोक्याखाली कोणाच्या तरी चपला, आणि संकासूर यायच्या आत निम्मी झोपलेली. मला आठवतं, मध्येच कधीतरी पेटी आणि मृदंग जोरात वाजायला लागले की अर्धवट जाग यायची, वर गॅसबत्तीचा उजेड, त्यात कोणाची तरी तलवार चमकतेय, आई मांडी न हलवता पुढं बघतेय, आणि तिचा हात मात्र माझ्या पाठीवर, ठेक्यात.

लेकीला विचारा, तिथं आता पोरांना खोलीत निजवतात का.